स्पॅनिश साम्राज्याची नाणी जमवायची आहेत? पहिलं नाणं मेक्सिकोचं घ्या

स्पॅनिश साम्राज्याची नाणी म्हटलं की बुडालेली जहाजं, चाचे आणि सोन्याने भरलेल्या पेट्याच डोळ्यांसमोर येतात. विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे नवख्या माणसाचे पहिले पैसे नाण्यापेक्षा गोष्टीवरच जास्त जातात. मी सांगतोय ती वाट थोडी रुक्ष आहे. पहिलं नाणं मेक्सिको शहराच्या टांकसाळीतलं, १७७२ नंतरचं, राजाचा चेहरा असलेलं आठ रियालचं घ्या. ते दुर्मिळ नाही, आणि तेच त्याचं मोठेपण. लाखोंनी पाडलं गेल्यामुळे त्याची नोंद चोख आहे, भाव माहीत आहेत, आणि खरं-खोटं ताडण्यासाठी तुलनेला हजारो फोटो मिळतात.

आधी हिशेब

१४९७ मध्ये स्पेनचे राजा-राणी फर्डिनांड आणि इसाबेला यांनी मेदिना देल काम्पो इथे हुकूम काढून कास्तील राज्याच्या नाण्यांची घडी बसवली. चांदीचा एक रियाल म्हणजे ३४ मारावेदी. वजन साधारण ३.४३ ग्रॅम, चांदीचा कस सुमारे ९३ टक्के. याच रियालचे अर्धा, एक, दोन, चार आणि आठ असे भाग-पट. आठ रियालचं मोठं नाणं म्हणजे पेसो, ज्याला इंग्रजी व्यापारी पुढे स्पॅनिश डॉलर म्हणू लागले. सोन्याचा एस्कुदो वेगळा, तांब्याचा मारावेदी वेगळा. सोन्याच्या वाटेला पहिली काही वर्षं जाऊ नका. किंमत अव्वाच्या सव्वा, आणि नकलाही तितक्याच सफाईदार.

अमेरिकेतली पहिली टांकसाळ १५३५ च्या हुकुमाने मेक्सिको शहरात निघाली. मग लिमा, आणि १५७० च्या दशकात पोतोसी, आजच्या बोलिव्हियातलं. पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि जगाचा व्यवहारच बदलला. ही चांदी एका बाजूने स्पेनमधल्या सेव्हिलला जाई आणि तिथून युरोपभर पसरे. दुसऱ्या बाजूने मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून जहाजाने मनिलाला आणि तिथून चीनला.

आपल्या किनाऱ्यावरही ती आली. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, आणि लिस्बनहून गोव्याला जाणाऱ्या जहाजांत रियाल भरलेले असत. १७व्या शतकात इंग्रज आणि डच कंपन्यांनी सुरतेला आणलेल्या मालात सगळ्यात महत्त्वाचा माल हेच आठ रियाल. पण इथे कुणी ते जपून ठेवले नाहीत. सुरतेच्या मोगल टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडले गेले. एका नाण्यातल्या चांदीत सव्वादोन रुपयांच्या आसपास निघत. म्हणून मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कुणी 'आजोबांच्या पेटीतला स्पॅनिश डॉलर' दाखवला तर आधी संशय घ्या. तसं खरं नाणं मिळूच शकत नाही असं नाही, पण एकाच ढिगात तशी पाच असतील तर पुढे चला.

तीन पिढ्या

ढोबळमानाने या चांदीच्या तीन पिढ्या आहेत. पहिली हातोड्याने ठोकलेली, वेडीवाकडी, तुकडा कापल्यासारखी. स्पॅनिशमध्ये तिला माकुकिना म्हणतात, इंग्रजीत कॉब. दुसरी १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावर पाडलेली, दोन खांबांची. तिसरी १७७२ पासूनची, राजाच्या चेहऱ्याची. ही तिसरी मेक्सिकोत १८२१ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यापर्यंत, चालली.

सगळ्यात देखणी दुसरी. समुद्राच्या लाटांवर दोन गोल, जुनं जग आणि नवं जग, त्यांवर एकच मुकुट आणि दोन्ही बाजूंना हर्क्युलिसचे खांब, म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीची खूण. वरच्या लॅटिन ओळीचा अर्थ 'दोन्ही मिळून एक'. वजन २७.०७ ग्रॅम, कस ९१.७ टक्के. बघताक्षणी घ्यावंसं वाटतं, आणि नेमकं म्हणूनच याच्या नकला सगळ्यात जास्त भेटतात. पर्यटकांच्या दुकानात, फुटपाथवर, ऑनलाइन. हे दुसरं किंवा तिसरं नाणं म्हणून ठेवा.

राजाचा चेहरा आला तेव्हा कस गुपचूप उतरवला गेला. १७७२ मध्ये ९०.३ टक्क्यांवर, १७८६ मध्ये आणखी खाली, ८९.६ वर. वजन तेच, आकार तोच, आणि हुकूम गुप्त. बाजाराला कळायला वेळ लागला, पण कळलं. तरीही चीनच्या व्यापाऱ्यांचा या चेहऱ्यावर इतका विश्वास बसला होता की मेक्सिको स्वतंत्र होऊन गरुडाची नवी नाणी आली तरी ते जुन्या 'कारोलुस', म्हणजे कार्लोस राजाच्या, नाण्यांना जास्त भाव देत राहिले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ही नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती.

नाणं वाचायला शिका

समजा हातात १७९६ चं मेक्सिकोचं नाणं आहे. व्यास चार सेंटिमीटरला थोडा कमी. एका बाजूला राजा, उजवीकडे तोंड, डोक्यावर पानांची माळ, अंगावर रोमन थाटाचा पेहराव. भोवतीच्या अक्षरांत राजाचं नाव कारोलुस, त्यापुढे चार उभ्या रेघा, 'देवाच्या कृपेने' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आणि खाली वर्ष. चौथा हा आकडा रोमन पद्धतीने दोन अक्षरांत न लिहिता चार रेघांनी लिहिलेला असतो. तो दोष नाही.

उलटवा. मुकुटाखाली ढाल, ढालीच्या चार घरांत किल्ले आणि सिंह, खालच्या टोकाला ग्रानाडाचं डाळिंब, मधल्या छोट्या गोलात तीन कमळासारखी फुलं. ती स्पेनच्या बूर्बों राजघराण्याची खूण. दोन्ही बाजूंना खांब, त्यांना गुंडाळलेल्या फितीवर 'आणखी पुढे' या अर्थाची लॅटिन अक्षरं. आता कडेची लिखावट डावीकडून वाचत या. 'हिस्पान' म्हणजे स्पेन, मग 'इंडीजचा (अमेरिकेतल्या वसाहतींचा) राजा' अशा अर्थाचे तुकडे, आणि मग खरी माहिती: एम अक्षर आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ओ, पुढे आठचा आकडा आणि आर, शेवटी एफ आणि एम.

एमवर ओ ही मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण. शेवटची दोन अक्षरं पारख्यांची. कसाला जबाबदार असलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची ही आद्याक्षरं. चांदी कमी निघाली तर कुणाची मान पकडायची हे नाण्यावरच लिहिलेलं असे. लिमाची खूण म्हणजे शहराच्या नावातली अक्षरं एकमेकांत गुंफलेली, पोतोसीचीही तशीच गुंफण, पी, टी आणि एस यांची. सान्तियागोची एसवर ओ. ग्वातेमालाची आधी नुसती जी. १७७३ च्या भूकंपात राजधानी उद्ध्वस्त होऊन नवं शहर वसवलं गेलं, तेव्हा जीच्या आधी 'नवीन'चा एन आला. अशी एखादी खूण लक्षात आली की कॅटलॉग चाळायला मजा येऊ लागते.

राजा, वर्ष, पारखी

नकली नाण्यांचा निम्मा ढीग या एका चाचणीत बाद होतो, आणि तिला खर्च शून्य. तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का पाहा. तिसरा कार्लोस १७५९ ते १७८८. चौथा कार्लोस १७८८ ते १८०८. सातवा फर्नांडो १८०८ पासून पुढे. मेक्सिकोच्या पारख्यांत एफ-एम ही जोडी १८०१ पर्यंत दिसते, मग एफ-टी १८०३ पर्यंत, मग टी-एच. आता कुणी तिसऱ्या कार्लोसचं १७९५ चं नाणं दाखवलं, किंवा १८०६ च्या नाण्यावर एफ-एम दिसलं, तर बोलणंच खुंटलं. स्वस्त नकला बनवणारे एका नाण्याची छाप घेऊन वर्षाचे आकडे मनाला येतील तसे बदलतात, त्यामुळे हा घोटाळा हमखास सापडतो.

अपवादही आहेत, आणि तेच चवीचे. तिसरा कार्लोस १७८८ च्या डिसेंबरात वारला. नव्या राजाचं चित्र समुद्र ओलांडून यायला वेळ लागला. म्हणून १७८९ आणि १७९० च्या मेक्सिकोच्या नाण्यांवर नाव चौथ्याचं आणि चेहरा तिसऱ्याचा. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेन गिळलं आणि फर्नांडो कैदेत गेला, तेव्हा तर मेक्सिकोच्या कारागिरांनी चिलखत घातलेला एक काल्पनिक राजाच कोरला आणि १८११ पर्यंत तो चालवला. आणि १७७२-७३ च्या मेक्सिकोच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण आणि पारख्यांची अक्षरं उलटी, डोकं खाली अशी असतात. हे पाहून नाणं खोटं ठरवू नका; तो त्या दोन वर्षांचा नेहमीचा प्रकार आहे.

काटा आणि पाण्याचं भांडं

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. भिंगाच्या बरोबरीने हीच पहिली खरेदी. २७.०७ ग्रॅम हे पाडतानाचं वजन. झिजलेलं नाणं साडेसव्वीसच्या आसपास असणं अगदी साधं. २६ च्या खाली गेलं तर कारण दिसायला हवं: खूप झीज, कड खरवडलेली, किंवा दागिन्यात घालण्यासाठी पाडलेलं भोक नंतर बुजवलेलं. भोक बुजवल्याची खूण राजाच्या डोक्याच्या वरच्या भागात शोधा, कारण लोंबतं नाणं सरळ दिसावं म्हणून भोक तिथेच पाडत.

मग पाणी. भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, बाजूला कुठेही टेकणार नाही असं धरा. हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवा. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. या कसाच्या चांदीसाठी उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवं, २७.०७ ग्रॅमच्या नाण्याला काटा साधारण २.६२ दाखवेल. तांबं-निकेलच्या मिश्रणाचं त्याच वजनाचं नाणं ३.०४ दाखवतं. हा फरक घरच्या काट्यावरही लपत नाही. नाणं नंतर मऊ कापडावर ठेवून टिपा, पुसू नका.

चुंबकाला चिकटलं तर पुढचं काही करायची गरजच नाही. न चिकटलं म्हणून खरं असंही नाही, कारण तांबं आणि पितळही चिकटत नाही. आणि हे लक्षात असू द्या की चांदीच वापरून केलेल्या नकलाही आहेत. त्या पाण्याच्या परीक्षेत पास होतात. त्यांना पकडायची जागा म्हणजे कड.

कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

चेहऱ्याच्या नाण्यांच्या कडेवर एक गोल, एक आयत, एक गोल, एक आयत अशी नक्षी फिरते. ती दोन पट्ट्यांमधून नाणं घरंगळवून उठवली जाई. एका पट्टीने अर्धी कड, दुसरीने अर्धी. त्यामुळे खऱ्या नाण्यावर समोरासमोरच्या दोन जागी नक्षी एकमेकींवर चढलेली किंवा अडखळलेली दिसते. ओतीव नकलेच्या कडेवर बरेचदा साच्याची शिवण दिसते, किंवा ती कानसीने घासून काढल्याच्या रेघा. कधी नक्षी नुसतीच खरडलेली, कधी सगळीकडे अगदी एकसारखी.

ऑनलाइन विकणारे दोन बाजूंचे झकास फोटो टाकतात आणि कडेचा टाकत नाहीत. सरळ मागा. द्यायला कुरकुर केली तर नाणं त्याच्याकडेच राहू द्या.

तुलना करायची असेल तर 'नुमिस्टा' या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये राजा आणि टांकसाळ निवडून बघा. विक्रेत्यांच्या यादीत 'केएम' (क्राउस-मिशलर या नाण्यांच्या कॅटलॉगचं लघुरूप) असं लिहून पुढे क्रमांक असतो, तो तिथेही सापडतो. चौथ्या कार्लोसचं मेक्सिकोचं आठ रियाल म्हणजे केएम १०९. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीचे भाव आणि फोटो उघडे असतात. मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. खालची हद्द तर तुम्ही स्वतः काढू शकता: १७८६ नंतरच्या पूर्ण वजनाच्या नाण्यात सुमारे २४.२५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाला कुणी असं नाणं विकत असेल तर तो दानशूर नाही, नाणं खोटं आहे.

एनजीसी किंवा पीसीजीएस या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणं घेणं पहिल्या खेपेला शहाणपणाचं. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा, कारण डब्यांच्याही नकला निघतात. चिठ्ठीवर 'डिटेल्स' असं लिहिलेलं असेल तर नाणं खरं, पण घासलेलं, भोक बुजवलेलं किंवा असंच काही झालेलं. शिकायला अशी नाणी उत्तम आणि खिशाला हलकी.

काही नाण्यांवर छोटे छोटे ठसे असतात. चिनी सराफांनी पारखून उठवलेले. कुणाला ते डाग वाटतात. मला विचाराल तर एका नाण्याने किती हात पाहिले हे सांगणारी याहून चांगली खूण नाही, आणि असं नाणं बहुधा थोडं स्वस्तही पडतं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं छोटं डोकं स्पॅनिश राजाच्या मानेवर उमटवलेली १७९७ ची नाणी मात्र सध्या टाळा. ठसा मारणं सोपं आणि त्याने भाव कितीतरी पट वाढतो, म्हणून खऱ्या नाण्यावर खोटा ठसा मारण्याचा धंदा जुना आहे.

मग माकुकिना

चांदीचा पट्टा कापून वजनाला छाटायचा आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा हाणायचा, अशी ही नाणी. वजन बरोबर असलं की झालं, गोलाई कुणी मागितली नव्हती. त्यामुळे ठशावरचं वर्ष, पारख्याचं अक्षर, राजाचं नाव यातलं बरंचसं नाण्याबाहेरच राहतं. नवख्याला कळत नाही आणि विकणारा 'फिलिप दुसरा, चाच्यांच्या काळातलं' असं काहीही सांगू शकतो. नियम एकच: जे दिसतंय त्याचेच पैसे द्या. टांकसाळीची खूण आणि पारख्याचं अक्षर, निदान एवढं वाचता आलं पाहिजे.

सुरुवातीला पोतोसीची १६५२ नंतरची बघा. यामागे एक घोटाळा आहे. १६४०च्या दशकात पोतोसीच्या टांकसाळीत चांदीत तांबं मिसळून कस उतरवला जात होता. युरोपात लोक पोतोसीचं नाणं घेईनात. राजाने चौकशी अधिकारी धाडला, बड्या चांदी-व्यापाऱ्यांपैकी गोमेझ दे ला रोचा याला १६५० मध्ये मृत्युदंड झाला, जुन्या नाण्यांचे भाव खाली आणले गेले आणि १६५२ मध्ये नवा ठसा आला: लाटांवरचे दोन खांब. पुन्हा कुणी जबाबदारी झटकू नये म्हणून या ठशात वर्ष आणि पारख्याचं अक्षर एकापेक्षा जास्त जागी कोरलं गेलं. संग्राहकाचा फायदा असा की एका जागी हुकलं तरी दुसरीकडे सापडतं.

जहाजावरची नाणी हवीच असतील तर कागद बघा. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा'चा मुख्य खजिना १९८५ मध्ये सापडला, आणि तिथलं नाणं म्हणून विकलं जाणारं नाणं मूळ प्रमाणपत्रासह, त्यावरच्या क्रमांक आणि फोटोसह असलं तरच त्या नावाची किंमत. प्रमाणपत्र नसेल तर ते समुद्राने खाल्लेलं एक साधं माकुकिना. खारं पाणी चांदी खातं, वजन घटतं, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. काट्याची परीक्षा इथे लागू करू नका. स्वस्तात हौस भागवायची तर १७८४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात बुडालेल्या 'एल कासादोर'ची नाणी आहेत, बरीचशी १७८३ ची. उलट १८०४ मध्ये बुडालेल्या 'मेर्सेदेस'च्या खजिन्यातलं नाणं कुणी देऊ केलं तर हात लावू नका. अमेरिकन कंपनीने वर काढलेली ती सगळी नाणी खटला चालून २०१२ मध्ये स्पेन सरकारला परत गेली.

चांदी परवडत नसेल तर १७व्या शतकातले तांब्याचे मारावेदी घ्या. पैसे कमी पडले की राजा तीच नाणी टांकसाळीत मागवून त्यांवर वाढीव किमतीचा ठसा मारून परत देई. १६०३ मध्ये किंमत दुप्पट केली, नंतर चौथ्या फिलिपने तर हे वारंवार केलं. एकाच नाण्यावर तीन-चार ठसे एकमेकांवर चढलेले सापडतात. दिसायला कुरूप, पण भाववाढीचा धडा हातात धरून वाचता येतो.

घरी आल्यावर

चिंच, लिंबू, रिठे, रांगोळी, टूथपेस्ट, यातलं काहीही नाण्याला लावू नका. दोनशे वर्षांत चढलेली करडी-निळी छटा पाच मिनिटांत जाते, आणि तिच्याबरोबर निम्मी किंमत. नाणं कडेने धरा. पीव्हीसीची मऊ पाकिटं हिरवट चिकट थर सोडतात, ती नकोत, मायलर या पॉलिस्टर प्लास्टिकची घ्या. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळवंडवतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदला, विशेषतः तांब्याच्या नाण्यांसाठी. प्रत्येक नाण्याबरोबर बिल, विक्रेत्याचं नाव, तारीख आणि तुम्ही मोजलेलं वजन लिहून ठेवा. पुढे विकताना हा कागद नाण्याइतकाच कामाला येतो.

राहिला कायदा. स्पेनमधून शंभर वर्षांहून जुनं नाणं बाहेर काढायला परवाना लागतो. तिथली लिलावगृहं तो काढून देतात, पण वेळ जातो, आणि आपल्याकडे कस्टमची ड्यूटी वेगळी. बोली लावण्याआधी दोन्ही विचारून घ्या. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं कोणतंही नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी संग्राहकाने नाणं तपासून डबीबंद करायचं असेल तर ते तिकडेच करून घ्यावं. एकदा ते पुण्याला आणलं की पुन्हा तपासणीसाठी परत पाठवण्याचा रस्ता बंद झालेला असतो.